सोळा की पाच? सप्तर्षींच्या शेपटीजवळच्या एका दीर्घिकेचं प्रकरण

जुलै २०२२ च्या मध्यावर जेम्स वेब अवकाश दुर्बिणीची पहिली निरीक्षणं सगळ्यांसाठी खुली झाली आणि पंधरवड्याच्या आत एका लालसर ठिपक्यावरून खगोलशास्त्रज्ञांत वाद पेटला. एडिनबरा विद्यापीठातल्या कॅलम डॉनन आणि सहकाऱ्यांनी मांडणी केली की सीअर्स-९३३१६ ही दीर्घिका महास्फोटानंतर अवघ्या साडेतेवीस कोटी वर्षांनीची असावी. सुरुवातीला त्यांनी रेडशिफ्ट (प्रकाशाचे तरंग वाटेत किती ताणले गेले याचं माप; जितका जास्त, तितकी दीर्घिका दूरची) १६.७ सांगितला. कॅमेऱ्याचं मोजमाप सुधारल्यावर तो १६.४ झाला. इतक्या मागची दीर्घिका तोवर कुणी पाहिलेली नव्हती. वर्षभराने निकाल लागला, तो वेगळाच.

मधल्या वर्षात कुणाच्या हाती कोणता पुरावा होता आणि त्या पुराव्यावर किती बोलणं रास्त होतं, हे प्रकरण मी यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला शिकवतो. वर्गात ते कसं उलगडलं, त्यासकट इथे लिहून काढतो आहे.

आमची पोरं बहुतेक आसपासच्या खेड्यांतली, एसटीने येणारी. कापूस वेचणीच्या दिवसांत हजेरी रोडावते. कॉलेजात दुर्बीण म्हणावी अशी एकच, तीही चंद्र दाखवण्यापुरती. पण या विषयाला दुर्बीण लागतच नाही. सीअर्स हा वेबच्या पहिल्यावहिल्या कार्यक्रमांपैकी एक आणि त्याची निरीक्षणं पहिल्या दिवसापासून कुणालाही फुकट मिळतात. मूळ प्रतिमांच्या फायली भल्या मोठ्या. आमच्या नेटवर त्या उतरवायच्या भानगडीत मी पडलो नाही, छापून आलेल्या निबंधांतल्या आकड्यांवर काम भागलं. अट एकच होती: तास संपेपर्यंत मोबाईल टेबलावर, आणि दीर्घिकेचं नाव मी सांगणार नाही. नाव सांगितलं की गूगल करून उत्तर काढायला किती वेळ लागतो ते शिक्षकाला विचारा.

फळ्यावरचे सात पट्टे

वेबचा निअरकॅम कॅमेरा अवरक्त प्रकाशात बघतो आणि आकाशाच्या एकाच तुकड्याचे वेगवेगळ्या फिल्टरांतून फोटो काढतो. सीअर्सने त्यातले सात वापरले. १.१५, १.५०, २.००, २.७७, ३.५६, ४.१० आणि ४.४४ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) या त्यांच्या मधल्या तरंगलांब्या. फळ्यावर मी मोजपट्टी आखली, तिच्यावर सात पट्टे काढले आणि प्रत्येकाखाली ठिपका कसा दिसतो ते लिहिलं. पहिल्या दोनांत काही नाही. तिसऱ्यात जेमतेम. चौथ्यापासून पुढे चारही पट्ट्यांत स्वच्छ, ठळक.

यावरून अंतर काढायची रीत जुनी आणि भरवशाची आहे. ०.१२१६ मायक्रॉनपेक्षा आखूड तरंगलांबीचा प्रकाश त्या काळात विश्वभर पसरलेला उदासीन हायड्रोजन गिळून टाकतो. त्यामुळे दीर्घिकेच्या प्रकाशाला तिथे कड येते, कडेच्या अलीकडे अंधार आणि पलीकडे उजेड. विश्व प्रसरण पावत असल्याने आपल्यापर्यंत येता येता ही कड लांब लांबीकडे सरकते. आपल्याकडच्या फळ्यावर ती २ मायक्रॉनच्या पट्ट्यात, २.१२ च्या आसपास पडलेली दिसते. २.१२ भागिले ०.१२१६, उत्तर १७.४. तरंग १७.४ पट ताणले गेले म्हणजे रेडशिफ्ट त्यातून एक वजा, १६.४. गणित संपलं. एवढ्याशा भागाकारावर विश्वाच्या पहिल्या पाव अब्ज वर्षांत जाऊन पोहोचता येतं, याचं पोरांना फार अप्रूप वाटतं आणि ते वाटू द्यावं.

नेरकडून येणारी एक मुलगी मात्र भागाकार उतरवून घेत नव्हती. तिने विचारलं, “सर, कड दिसून राहिली हे ठीक. पण थे हायड्रोजनचीच कशावरून? दुसऱ्या कशानं उजेड कमी झाला असंल तर?”

पूर्ण प्रकरण या प्रश्नावर उभं आहे. फिल्टरमधल्या उजेडावरून काढलेला रेडशिफ्ट हा अंदाज असतो, चांगला असला तरी अंदाजच. वर्णपट घेऊन, म्हणजे प्रकाश तरंगलांबीनुसार बारीक पसरवून, ओळखीच्या मूलद्रव्यांच्या रेषा सापडल्या की मगच ते मोजमाप होतं. ज्याचे वडील जिनिंगमध्ये कामाला आहेत त्या पोराने हे आपल्या पद्धतीने सांगून टाकलं: “म्हंजे मुठीत कापूस दाबून ओल सांगनं आन मीटर लावनं.” खरेदी केंद्रावर ओलावा आठ टक्क्यांच्या आत असला तर पूर्ण भाव आणि बारावर गेला तर गाडी परत, हे या पोरांना सांगावं लागत नाही. मुरलेला ग्रेडर मुठीने बहुतेक वेळा बरोबर सांगतो. तो कुठल्या मालाला फसतो, हे कळणं महत्त्वाचं.

दुसरी शक्यता

डॉनन यांच्या निबंधानंतर आठवड्या-दोन आठवड्यांतच दोन गटांनी शंका मांडल्या. त्यातला एक होर्हे झवाला यांचा. धुळीने भरलेल्या दीर्घिका वेबच्या फोटोंत फार दूरच्या असल्याचा आव आणू शकतात, असं त्यांचं म्हणणं. धूळ निळा प्रकाश अडवते, लाल सोडते, त्यामुळे आखूड लांबीच्या फिल्टरांत दीर्घिका गडप आणि लांब लांबीच्या फिल्टरांत हजर. शिवाय धूळ तापते आणि सबमिलीमीटर लांबीवर चमकते. ८५० मायक्रॉनवर या ठिपक्याच्या जागी पुसटसा संकेत होता. पुसटसाच, पण अगदी आरंभीच्या, धुळीला वेळच न मिळालेल्या दीर्घिकेकडून तोही येऊ नये.

दुसरा गट रोहन नायडू यांचा. त्यांनी दोन्ही पारडी समोर ठेवली: ही एकतर सतराच्या जवळ कल्पनेपेक्षा कितीतरी तेजस्वी दीर्घिका आहे, नाहीतर पाचच्या जवळची साधी. आणि एक बारकी गोष्ट दाखवली, जी मला सगळ्या प्रकरणात सर्वांत आवडते. या ठिपक्याच्या अंगाला लागून असलेल्या तिन्ही शेजारी दीर्घिकांचा अंदाजे रेडशिफ्ट पाचच्या आसपास निघत होता. दीर्घिका कळपाने राहतात. तिघं शेजारी एका गावचे असतील तर चौथाही त्याच गावचा असण्याचा संभव वाढतो. सिद्ध काही होत नाही, संभव वाढतो.

पण निव्वळ धुळीने काम भागत नव्हतं. धूळ असती तर उजेड हळूहळू चढत गेला असता. इथे तो २ मायक्रॉननंतर एकदम उडी मारून वर गेला आणि पुढच्या चारही पट्ट्यांत जवळपास सपाट राहिला. खऱ्या तरुण, दूरच्या दीर्घिकेचा चेहरा असाच असतो. मग पाचवाल्यांचं म्हणणं टिकतं कसं?

इथे मी खडू पोरांच्या हाती दिला. तरुण ताऱ्यांभोवतीचा तापलेला वायू ठरावीक लांबीवर झगझगीत रेषा सोडतो. दोन महत्त्वाच्या घेतल्या: ऑक्सिजनची ०.५००७ मायक्रॉन आणि हायड्रोजनची ०.६५६३ मायक्रॉन. रेडशिफ्ट ४.९ च्या जरा वर धरा, ताण ५.९१ पट. ऑक्सिजनची रेषा २.९६ वर येते, म्हणजे २.७७ च्या पट्ट्यात बरोबर आत. त्याच पट्ट्यात हायड्रोजनची दुसरी एक रेषाही शिरते. आता मोठी हायड्रोजन रेषा: ०.६५६३ गुणिले ५.९१, उत्तर ३.८८. फळ्यावर ३.८८ ची उभी रेघ मारली आणि वर्गात चुळबुळ सुरू झाली. ३.५६ चा रुंद पट्टा जवळजवळ ४ पर्यंत जातो, म्हणजे रेषा त्यात आहे. ४.१० चा अरुंद पट्टा ३.८७ च्या सुमारास सुरू होतो, म्हणजे त्यातही आहे. आणि ४.४४ चा पट्टाही तिथेच सुरू होतो. एकच रेषा, तीन फिल्टरांत एकदम! चौथ्याची भरपाई ऑक्सिजनने आधीच केलेली. चारही पट्ट्यांत उजेड कृत्रिमपणे वर चढला आणि वरून सपाट दिसला.

मग कुणीतरी विचारलं की रेडशिफ्ट ४.८ असता तर. गुणून पाहिलं: ३.८१. रेषा शेवटच्या दोन पट्ट्यांबाहेर, डाव फसला. ५.१ असता तर ४.०० वर, म्हणजे ३.५६ च्या पट्ट्यातून निसटली. सोंग वठायला ४.९ ते साधारण ५.०५ एवढीच फट आहे. शेजाऱ्यांचे अंदाजही तिथलेच.

मत द्या

“मार्च २०२३ पर्यंत हाती एवढंच आहे. तुम्ही काय जाहीर कराल?” असं विचारलं आणि वर्ग दुभंगला.

सोळावाल्यांचं म्हणणं बिनतोड वाटणारं होतं. इतक्या बारीक फटीत रेडशिफ्ट नेमका पडायचा, रेषा नेमक्या तीन पट्ट्यांच्या सांध्यावर यायच्या, वरून धूळही नेमकी हवी तेवढी. एवढे योगायोग जुळवण्यापेक्षा सरळ सोळा का मानू नये?

पाचवाल्यांकडे सुरुवातीला उत्तर नव्हतं. ते जिनिंगवाल्याच्या पोराने दिलं, आणि मला ते त्याच्याकडून अपेक्षित नव्हतं हे मान्य करतो. तो म्हणाला की आपण एक ठिपका उचलला नाही, हजारो ठिपक्यांतून सगळ्यात विचित्र तेवढाच निवडून काढला. हजारोंत एखादा योगायोग जुळणारच, आणि आपण शोधतोय तेच मुळी विचित्र, म्हणून तो नेमका आपल्याच हाती लागणार. त्यात पाचच्या आसपास धुळीच्या दीर्घिका ढिगाने असतात, सोळाजवळ एवढी तेजस्वी एखादी तरी आहे का, हेच कुणाला ठाऊक नाही. दुर्मिळाची तुलना दुर्मिळाशी करायची, दुर्मिळाची नेहमीच्याशी नाही. यावर सोळावाल्यांनी बराच वेळ हुज्जत घातली. काहीजण अखेरपर्यंत हलले नाहीत. त्यांना हलवायचा प्रयत्न मी केला नाही, कारण त्या पुराव्यावर सोळा म्हणणं गैर नव्हतंच.

इथे एक आडवळण. हरभऱ्याला रात्रीच्या लाइनीवर पाणी द्यायला एका विद्यार्थ्याच्या वावरात गेलो होतो, तेव्हा त्याच्या वडिलांना हा वाद सांगितला. मध्यरात्रीनंतर सप्तर्षी चांगले वर आलेले. शेपटीच्या टोकाचा मरीची तारा आणि त्याच्याजवळचा आकाशाचा रिकामा दिसणारा तुकडा, तिथेच सीअर्सने पाहिलेला पट्टा येतो, म्हणून दाखवला. त्यांनी बारं फोडलं, फावडं टेकवलं आणि विचारलं, “थे उघड्या डोयानं दिसते का?” नाही म्हटलं. “आन फरक किती निंगाला?” उजेडाचा प्रवास सोळाच्या हिशेबाने सुमारे १३५५ कोटी वर्षं, पाचच्या हिशेबाने सुमारे १२६० कोटी. “मंग शंभर कोटीसाठी एवढा तमाशा कायले?”

प्रश्न वाजवी आहे आणि वर्गातही तो येतो. आपल्याकडून मोजलं तर फरक किरकोळ दिसतो. पण विश्वाच्या जन्मापासून मोजलं तर एकीकडे साडेतेवीस कोटी वर्षं आणि दुसरीकडे सुमारे १२० कोटी, म्हणजे पाचपट. दीर्घिका घडायला वायू जमावा लागतो, थंड व्हावा लागतो, तारे पेटावे लागतात. १२० कोटी वर्षांत असा ठिपका तयार होणं अगदीच नित्याचं. साडेतेवीस कोटींत तो एवढा उजळ झाला असेल, तर दीर्घिका कशा घडतात याबद्दलची आपली गणितं मुळापासून तपासावी लागली असती. त्यांनी ऐकून घेतलं आणि पाणी दुसऱ्या सरीत वळवलं. पटलं की नाही, कल्पना नाही.

(विदर्भात असं आकाश अजून शिल्लक आहे, हे जाता जाता सांगतो. जानेवारी २०२४ मध्ये महाराष्ट्रातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली. आमच्या गावातल्या खांबांवर मात्र एलईडी असे लावलेत की वावरात गेल्याशिवाय सातवा तारा मोजता येत नाही.)

निकाल

वाद मिटवायला वर्णपट हवा होता. वेबवरचा वेळ सोन्याच्या भावाचा, जगभरातून अर्ज येतात. पाब्लो अराबल हारो यांच्या गटाने दुर्बिणीच्या संचालकांच्या अखत्यारीत राखून ठेवलेल्या वेळातून मार्च २०२३ मध्ये तो मिळवला. निअरस्पेक या उपकरणात सुमारे अडीच लाख सूक्ष्म झडपा आहेत. हव्या त्या ठिपक्यांवरच्या झडपा उघडायच्या, बाकीच्या बंद ठेवायच्या, म्हणजे एका बैठकीत कितीतरी दीर्घिकांचे वर्णपट मिळतात. तेजस्वी रेषा दिसल्या आणि त्यांच्या जागांवरून रेडशिफ्ट निघाला ४.९१२. फळ्यावरच्या फटीच्या आत. ऑगस्ट २०२३ मध्ये ‘नेचर’मध्ये ते छापून आलं.

मी नाव सांगितल्यावर वर्गातून पहिली प्रतिक्रिया आली ती “मंग वेबचे सगळेच दावे फुसके” अशी. इथे शिक्षकाने गप्प बसू नये. त्याच निबंधात मेझीज गॅलक्सी नावाच्या दुसऱ्या दीर्घिकेचाही वर्णपट आहे. तिला सीअर्सचे प्रमुख स्टीव्हन फिंकेलस्टाइन यांनी आपल्या मुलीचं नाव दिलं. तिचा अंदाज बऱ्यापैकी खरा ठरला, रेडशिफ्ट ११.४, महास्फोटानंतर सुमारे ३९ कोटी वर्षं. एकाच बैठकीत एक अंदाज उभा राहिला, दुसरा आडवा झाला. पुढे २०२४ मध्ये चौदाच्या पलीकडची दीर्घिका वर्णपटाने पक्की झाली. २०२५ मध्ये १४.४४ वरची मॉम-झेड१४ आली, महास्फोटानंतर सुमारे २८ कोटी वर्षांची. तो शोध नायडू यांच्याच गटाचा. म्हणजे आरंभीच्या विश्वात अपेक्षेपेक्षा उजळ दीर्घिका आहेत ही गोष्ट खरीच निघाली, फक्त तिचा पुरावा हा ठिपका नव्हता.

नागपूरच्या एका सहकारी प्राध्यापकांचं मत असं की वर्णपट हाती नसताना डॉनन यांनी घाई करायलाच नको होती. मला हे अजिबात पटत नाही. त्यांनी ती ‘संभाव्य’ म्हणूनच मांडली, आकडे उघड ठेवले, म्हणूनच दोन आठवड्यांत दुसऱ्यांना त्यावर बोट ठेवता आलं आणि म्हणूनच तिच्यावर राखीव वेळ खर्च करणं रास्त ठरलं. गप्प बसले असते तर वर्णपट कुणी कशाचा घेतला असता? ‘संभाव्य’ हा शब्द गाळला बातम्यांनी. मराठी यूट्यूबवर तर तिला सरळ ‘विश्वातली पहिली दीर्घिका’ करून टाकलं होतं.

वर्गात शेवटचा विषय निघाला तो पुण्याचा. राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातल्या राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांनी वेबच्याच निरीक्षणांत अलकनंदा नावाची सर्पिल दीर्घिका शोधली, महास्फोटानंतर सुमारे दीडशे कोटी वर्षांनीची, २०२५ च्या अखेरीस ते जाहीर झालं. पोरांनी लगेच बाह्या सरसावल्या: तिचाही अंदाजच ना? हो, तिचं अंतरही फिल्टरांवरूनच काढलंय. पण ती आबेल २७४४ या दीर्घिकागुच्छाच्या दिशेला आहे आणि तिथे वेबने सातवर न थांबता वीसहून जास्त फिल्टर लावलेत, त्यांत अरुंद पट्टे भरपूर. रेषा तीन पट्ट्यांत लपून बसायला तिथे जागाच उरत नाही.

यावरून मी परीक्षेत विचारलं: सीअर्स-९३३१६ साठी वर्णपट मिळणार नाही, फक्त दोन जास्तीचे फिल्टर मिळतील, कोणते मागाल? बहुतेकांनी आणखी लांब लांबीचे मागितले. नेरकडच्या मुलीने ३.०० आणि ३.३५ चे अरुंद फिल्टर मागितले. सोळा खरं असेल तर दोन्हींत उजेड सारखाच येईल. पाच असेल तर ऑक्सिजनची रेषा ३.०० मध्ये पडेल आणि तो फिल्टर उजळेल, ३.३५ मध्ये कुठलीच मोठी रेषा नाही, तो फिका पडेल. खाली तिने दोन्ही गुणाकार करून दाखवले होते आणि समासात लिहिलं होतं, “वर्णपटाची रांग लागली असंल तर आधी एवढं करून पाहावं.”